सावरण्याची पद्धत

लार्क हिल, आयडाहो
८ सप्टेंबर

प्रिय सायलस,

तुझं कार्ड मिळालं. माझ्या दोन लांब पत्रांना एका ओळीचं उत्तर: "ती शाळा अजून चालू आहे का?"

चालू आहे. तू इथून गेलास त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी आणि मी ती चर्चच्या तळघरात सुरू केली, नऊ मुलं घेऊन. भिंतीपलीकडे चर्चचं स्वयंपाकघर होतं. कुणाचा अंत्यविधी असला की बायका तिकडे हॅम आणि चीजचे बटाटे भाजायच्या, आणि इकडे आमची मुलं त्या वासात भुकेजलेली, लॅटिन शब्द चालवत बसायची. बाबांचं म्हणणं तुला ठाऊकच आहे. जे पाठ नाही ते आपलं नाही. म्हणून तिसरीपासून लॅटिन, मग तर्कशास्त्र, मग वक्तृत्व, रोज सकाळी एक स्तोत्र, आणि जगाच्या उत्पत्तीपासून आजपर्यंतचा इतिहास एका चालीवर. गाव हसलं. बियाण्यांच्या दुकानात डेल रकरने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय हो एमेट, आता गायींना लॅटिनमध्ये हाका मारायच्या का?" बाबा म्हणाले, "गायींना गरज नाही. त्यांना रांगेत उभं राहता येतं." तोच डेल आज आमच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. त्याची तीन नातवंडं निळा कोट घालून आमच्याकडे येतात.

तळघरानंतर आम्ही ट्रॅक्टरचं बंद पडलेलं दुकान घेतलं. आता मुलं एकशे चाळीसच्या वर गेली आहेत आणि गव्हाच्या शेताला लागून नवी इमारत उभी राहते आहे, घंटेच्या मनोऱ्यासकट. मे महिन्यात उद्घाटन. मी मुख्याध्यापिका आहे. बाबांना मुलं मॅजिस्टर म्हणतात, लॅटिनमध्ये गुरुजी.

आता मुद्द्यावर येते. बाबा विसरायला लागले आहेत. आधी मी "थोडं" असं लिहिलं होतं, ते खोडलं. जूननंतर त्यांनी शिकवू नये असं मंडळाचं मत आहे, आणि माझंही. पण ते माझ्या घरी राहतात, आणि घर शाळेच्या समोर, रस्त्यापलीकडे. सांगून ते थांबणार नाहीत. रस्ता ओलांडून येतील. तेव्हा त्यांना दुसरीकडे हलवायला हवं. जागा दोनच आहेत: तालुक्याच्या गावातला वृद्धाश्रम, जिथलं दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही, किंवा समुद्राकाठचं तुझं घर. तुझ्याकडे खालची खोली रिकामी असते, असं तुझ्या डोनाने नाताळच्या कार्डात लिहिलं होतं.

हे मागण्याचा मला अधिकार आहे का, याचा मी विचार केला. आहे, असं वाटतं. इतकी वर्षं मी त्यांना सांभाळलं.

तुझी बहीण,
प्रिसिला


२० ऑक्टोबर

प्रिय सायलस,

तू विचारतोस, "अजून सावरणं चालतं का?" चालतं. आमच्या शाळेची ती ओळखच आहे. दुसऱ्या गावांतल्या शाळा बघायला येतात.

घरच्या टेबलावर होतं तसंच. पाठ म्हणताना कुणी अडखळलं की बाकीचे सगळे उठून उभे राहतात आणि ती ओळ एका आवाजात बरोबर म्हणतात. हसायचं नाही, बोट दाखवायचं नाही. मग सगळे बसतात, आणि जो अडखळला तो उभाच राहतो, सबंध पाठ एकट्याने बिनचूक म्हणून होईपर्यंत. बाबा पालकांना सांगतात, "छडी मारली तर मूल एकटं पडतं. इथे तो चुकला की सगळी शाळा त्याच्यासाठी उठते." पालकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही यायचं.

तू लिहितोस की टेबलावर उठणारी तीनच माणसं होती आणि त्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. मला तसं आठवत नाही. मी नऊ वर्षांची होते, तू सहाचा. आई पुटपुटायची आणि बाबांचा आवाज जात्याच खाली, तेव्हा माझा ऐकू येत असेल. तू किती वेळ उभा राहायचास तेही मला आठवत नाही. सूप गार व्हायचं हे आठवतं. आईच्या अंत्यविधीला तू वाचायला उभा राहिलास आणि अडकलास, तेव्हा बाबा आणि मी उठलो, ते ठरवून नव्हतं. ती सवय होती. भर चर्चमधून तू निघून गेलास, आणि बाबांनी शेवटपर्यंत तुझी खुर्ची रिकामी ठेवली. ती बाजूही असू दे.

आताची परिस्थिती अशी. सकाळच्या सभेत बाबा स्तोत्र सांगतात, आणि मध्येच थांबतात. सगळी शाळा उठते. ओळ म्हणते, बसते. बाबा उभे राहतात आणि पहिल्यापासून सुरू करतात, कारण नियम त्यांचाच आहे. पुन्हा तिथेच थांबतात. पुन्हा सगळे उठतात. पहिल्या महिन्यात मुलं कावरीबावरी व्हायची. आता होत नाहीत. डेलची नात टॅबिथा, सहावीतली, फार हुशार, सगळ्यांत आधी उठते. मॅजिस्टरांचा श्वास ऐकूनच तिला कळतं. परवा जिन्याखाली ती दुसऱ्या एका मुलीशी बोलत होती, ते मी ऐकलं.

"आज चार."

"पाच. एकदा नुसते 'अं' म्हणाले, ते धर की."

"'अं' धरायचं नसतं. माझं बिस्किट काढ."

टॅबिथाने पैजेचं बिस्किट घेतलं. मला पाहून म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस केस्लर," आणि कोट नीट केला.

मी रागावले. नंतर डायरीत लिहिलं की मी रागावले ते बिस्किटासाठी, की ती मोजणी माझीही तीच होती म्हणून, हे मला ठरवता आलं नाही.

प्रिसिला


११ डिसेंबर

प्रिय सायलस,

एक गोष्ट झाली आहे आणि ती तुला कळली पाहिजे. कळली पाहिजे का, याबद्दल मला शंका आहे, पण लिहिते.

एझ्रा नावाचा नवा मुलगा आहे, दुसरीतला. तोतरा नाही, सावकाश बोलतो एवढंच. मंगळवारी बाबांच्या तासाला तो पाठात थांबला. वर्ग उठला, म्हणाला, बसला. एझ्रा उभा. बाबा त्याला म्हणाले, "सायलस, पुन्हा."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एझ्राने पुन्हा म्हटलं आणि पुन्हा थांबला. "सायलस, तू मुद्दाम करतोस. आई वाढून बसली आहे." खेळाची सुट्टी झाली तरी वर्ग सुटला नाही. जेवणाची घंटा झाली. बाबांनी मुलांना हलू दिलं नाही, सगळे एका एझ्रासाठी उठत होते आणि बसत होते, उठत होते आणि बसत होते, आणि त्याने चड्डीत केली तेव्हा बाबा म्हणाले, "हरकत नाही, सायलस. पाठ झाल्यावर बदल."

मी दाराच्या काचेतून पाहत होते. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. पाठ चालू असताना कुणी आत जायचं नाही, असा आमचा नियम आहे आणि तो मी स्वतः लिहिला आहे. पण नियम आठवला म्हणून मी थांबले, की थांबले आणि मग नियम आठवला? शेवटी स्वयंपाकाच्या बाई आल्या आणि माझ्या अंगावरून हात घालून दार उघडलं.

एझ्राला त्याच्या आईवडिलांनी काढून घेतलं. प्रतीक्षायादीतल्या पहिल्या कुटुंबाला मी त्याच दुपारी फोन केला. जागा भरली.

संध्याकाळी डेल आला. बूट दारात काढले, कॉफी घेतली, बाबा वर झोपले आहेत ना याची खात्री केली.

"प्रिसिला, जुना नांगर फाटकाजवळ रंग देऊन ठेवतात. त्याने नांगरत नाहीत."

"ते माझे वडील आहेत, डेल."

"म्हणूनच म्हणतो, शोभेला ठेव. मे महिन्यात उद्घाटनाला सगळे देणगीदार येणार. एमेटने ते पाठांतर म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या, फोटो काढायचा. मग जूनमध्ये कुठे न्यायचं तिथे ने."

"आणि विसरले तर?"

"मुलं आहेत की सावरायला." मग तो हसला. "तुझा भाऊ नेणार होता ना? तो बोलका की मुका, तो?"

मी म्हणाले, तो चांगलं बोलतो. मला माहीत नाही हे, सायलस. खरं आहे का?

प्रिसिला


१५ फेब्रुवारी

प्रिय सायलस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. इतकी पानं तू मला कधी लिहिली नव्हतीस. एझ्राचं वाचून तू बोटींच्या कारखान्यात इंजिन उघडं टाकून बाहेर जाऊन बसलास, आणि डोना म्हणाली, "त्यांना तिथून काढ. तुझ्यासाठी नाही, त्या पोरांसाठी काढ." तुझी बायको मला आवडेल असं वाटतं. खालची खोली रंगवली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, खिडकीतून गोदी दिसते. तू लिहितोस की आता तू अडखळत नाहीस, जवळपास नाहीच. डोनाबरोबर बारा वर्षं रात्रीच्या जेवणाला मोठ्याने वर्तमानपत्र वाचतोस आणि ती जेवत राहते, ऐकत नसल्यासारखी. आणि बाबांनी तुझा आवाज एकदा ऐकावा, एवढंच तुला हवं आहे. पुढचं तू बघशील.

ते वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. त्यात आनंद किती आणि सुटका किती, ते वेगळं काढता आलं नाही.

इथलं सांगते. एझ्रानंतर बाबांकडे तास नाहीत, फक्त सकाळची सभा. आणि मुलांना मी सांगितलं की मॅजिस्टर थांबले तर उठायचं नाही, मी पुढची ओळ हळूच सांगेन. मला ते दयेचं वाटलं. पहिल्या सकाळी ते थांबले आणि कुणी उठलं नाही. मी ओळ सांगितली. त्यांनी ती घेतली नाही. मुलांकडे पाहत राहिले. तो त्यांचा हात तुला आठवतो? तळवा वर, जरासा उचललेला. त्यांनी हात उचलला. कुणी उठलं नाही. पुन्हा उचलला.

घरी आल्यावर कोट न काढता स्वयंपाकघरात उभे राहिले. "प्रिसी, मला शाळेतून काढलं का?"

"नाही बाबा."

"मग कुणी उठत का नाही? ज्याच्यासाठी कुणी उठत नाही तो वर्गात नसतो. तो मेलेला तरी असतो."

मी म्हणाले, मुलं दमली आहेत. मी सहसा खोटं बोलत नाही, म्हणून ते इथे नोंदवते. तेवढं एकच. त्यानंतर मी ठरवलं आहे की त्यांना पुन्हा खोटं सांगायचं नाही, काहीही झालं तरी.

प्रिसिला


१९ एप्रिल

प्रिय सायलस,

उद्घाटन मेच्या दुसऱ्या शुक्रवारी, संध्याकाळी. तू गाडी घेऊन येतोस आणि शनिवारी सकाळी बाबांना घेऊन निघतोस, हे ठरलं. त्यांची बॅग मी भरून दारापाशी ठेवली आहे. ते रोज विचारतात कोण चाललंय. मी सांगते, तुम्ही, सायलसकडे. ते म्हणतात, "सायलसचा पाठ झाला का?" आणि उत्तराआधी दुसऱ्या खोलीत जातात.

कार्यक्रम असा: बाबा शाळेची प्रश्नोत्तरी म्हणतील, तळघरात पहिल्या दिवशी लिहिलेली. तुला माहीत नसेल म्हणून लिहिते. प्रश्न: आपण कशासाठी शिकतो? उत्तर: जे खरं ते ओळखावं म्हणून. जे चांगलं ते आवडावं म्हणून. जे सुंदर ते जपावं म्हणून. आणि जो अडखळतो त्याला सावरावं म्हणून. चारच ओळी आहेत, त्यांच्या स्वतःच्या. बाकी सगळं गेलं तरी या राहिल्या आहेत. बहुतेक दिवशी.

तू विचारशील, मग उभं करतेसच कशाला. डेलला फोटो हवा आहे. मलाही काही हवं असेल. त्यांनी सगळ्या गावासमोर थांबावं, म्हणजे त्यांना हलवलं यावर कुणी बोलणार नाही, असं माझ्या मनात आहे का, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही तर काम थांबवायला हवं होतं कदाचित, पण निमंत्रणं छापून झाली होती.

मी काळजी घेतली आहे. काल सगळ्या शाळेची तालीम झाली. मी सांगितलं, उद्घाटनाच्या दिवशी मॅजिस्टर थांबले तर कुणीही उठायचं नाही, कितीही वेळ लागला तरी. मांडीवर हात ठेवून बसायचं. टॅबिथाने हात वर केला.

"हे फक्त मॅजिस्टरांसाठी का, मिस केस्लर?"

"फक्त मॅजिस्टरांसाठी."

"म्हणजे पाचवीची मुलं चुकली तर उठायचं?"

"त्यांच्यासाठी नेहमीसारखं. बाकी सगळ्यांसाठी नेहमीसारखं."

तिने मान डोलावली. ती गोष्ट एकदा सांगितली की पुरते.

तू मागच्या रांगेत बस. तिथून दार जवळ आहे.

प्रिसिला


१६ मे

प्रिय सायलस,

तू होतास, तरी लिहिते. तू मध्येच गेलास, आणि मला सगळं क्रमाने मांडायचं आहे.

नवं सभागृह भरलेलं होतं. मागच्या टेबलांवर घरोघरच्या फळांच्या पेस्ट्र्या मांडलेल्या, आंबट रूबार्बच्या जास्त. बाबा काळ्या झग्यात उभे राहिले आणि फार चांगले दिसत होते, शेजारची बाई म्हणालीही, "संदेष्टाच जणू." त्यांनी स्वतः प्रश्न विचारला. खरं म्हणाले. चांगलं म्हणाले. सुंदर म्हणाले. मग म्हणाले, "आणि." आणि थांबले.

मुलं बसून राहिली. मी टॅबिथाकडे पाहत होते. तिचे हात मांडीवर होते, बोटं पांढरी झाली होती. बाबांनी तळवा वर केला. कुणी उठलं नाही. पुन्हा केला. कुणीतरी खोकलं. डेल माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. बाबांनी तिसऱ्यांदा हात उचलला, आणि ते हळू म्हणाले, सगळ्यांना ऐकू गेलं, "कुणी आहे का?"

मी जागची हलले नाही. मला ओळ सांगता आली असती. मी पहिल्या रांगेत होते. का सांगितली नाही ते मी या आठवड्यात अनेक प्रकारे लिहून पाहिलं आणि एकही प्रकार पुरा खरा वाटला नाही.

मग मागच्या रांगेत तू उठलास. मी वळून पाहिलं. तुझा निळा शर्ट, इस्त्रीचा. तू मोठ्याने, स्वच्छ आवाजात म्हणालास, "आणि जो." तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. बाबांनी मान वर केली. मग तू म्हणालास, "अ." पुन्हा म्हणालास, "अ. अ." तुझा जबडा तसाच पुढे आला, लहानपणीसारखा, आणि तू डोळे मिटलेस.

आणि शाळा उठली.

एकशे चाळीस खुर्च्यांचा तो आवाज. त्या मुलांचा दोष नाही, सायलस. त्यांनी माझं अक्षरशः ऐकलं. फक्त मॅजिस्टरांसाठी उठायचं नव्हतं. बाकी सगळ्यांसाठी नेहमीसारखं. "आणि जो अडखळतो त्याला सावरावं म्हणून." एका दमात, एका आवाजात, सुंदर. मग सगळी बसली.

बाबांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. त्यांनी तुझ्याकडे बोट केलं नाही, नियम आहे. नुसतं पाहिलं आणि ओळखलं. हो, ओळखलं. म्हणाले, "छान. सायलस, तू उभा राहा. पाठ झाला की बस."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं आम्ही पद्धत दाखवतो आहोत. डेल नंतर म्हणाला, "पाहुण्यालाही सावरलं! असलं काही मी पाहिलं नाही. तुझ्या डोक्यातून निघालं ना हे?" दोन कुटुंबांनी मागच्या टेबलावर पेस्ट्री खाता खाता नावं नोंदवली.

तू टाळ्या संपेपर्यंत उभा होतास. बाबांकडे पाहत नव्हतास. माझ्याकडे पाहत होतास. बाकी सगळी बसली होती आणि पहिल्या रांगेत मी अजून उभी होते. कधी उठले ते मला कळलं नव्हतं. ओळ म्हणून झाली तरी ओठ मिटायचे राहिले होते.

शनिवारी सकाळी बाबा तुझ्या गाडीची वाट बघत बॅगेवर बसून होते. दुपारी ती घेऊन रस्ता ओलांडून शाळेत गेले.

प्रिसिला


५ सप्टेंबर

प्रिय सायलस,

डोनाने लिहिलं आहे की तिकडे आता पत्रं पाठवू नयेत. ती म्हणते, तू मेपासून घरात फारसा बोलत नाहीस, आणि जेवताना वर्तमानपत्र आता तीच वाचते. त्याबद्दल मला वाईट वाटतं. हे वाक्य मी तपासून पाहिलं. ते खरं आहे. हे शेवटचं पत्र, फक्त माहितीपुरतं.

शाळेचं नवं वर्ष सुरू झालं. एकशे साठ मुलं. मनोऱ्याची घंटा शेतापलीकडे ऐकू जाते. सभागृहात बाबांचा तो फोटो लावला आहे, हात उचललेला. खाली त्यांची चौथी ओळ. टॅबिथा आता सकाळची सभा सांगते आणि कधी चुकत नाही.

बाबा जूनपासून वृद्धाश्रमात, आकड्यांच्या दारापलीकडे आहेत. जेवण बरं आहे. मी रविवारी चर्चनंतर जाते. पहिल्यांदा त्यांनी जेवणाच्या खोलीत पाठ म्हणायला घेतला, थांबले, हात उचलला. भोवतीच्या म्हाताऱ्यांपैकी कुणाला उठता येत नाही. आता ते हात उचलत नाहीत. मला ओळखतात, निदान माझा आवाज ओळखतात.

दर रविवारी एकच विचारतात. "प्रिसी, सायलसचा पाठ झाला का?"

तिथली परिचारिका, भली बाई, मला बाजूला घेऊन म्हणाली, "हो म्हणा ना. झाला म्हणा. तुमचं काय जातं? त्या मुलाला खाली बसवतील बिचारे आणि शांत झोपतील." मी विचार केला. बाबांच्या मनात तू त्या टेबलापाशी अजून उभा आहेस, सूप गार होतंय, हे मला कळतं. एका शब्दाने तुला बसवता येईल, हेही कळतं. पण मी त्यांना पुन्हा खोटं सांगणार नाही, असं ठरवलं होतं. तुला तसं लिहिलंही होतं. आणि तुझा पाठ झालेला नाही.

म्हणून मी म्हणते, "नाही बाबा. अजून नाही."

ते मान डोलावतात. रागावत नाहीत. खिडकीकडे तोंड करतात आणि म्हणतात, "मग उभा राहू दे."

प्रिसिला